महासंघाच्या सुधारणेची सुरुवात खेळाडूच्या नोंदीपासून

सांगोला तालुक्यात मुलामुलींना कबड्डी शिकवणाऱ्या एका तरुण प्रशिक्षकाने मला दोन प्रश्न विचारले आहेत. भारतीय हौशी कबड्डी महासंघाचा कारभार सुधारायचा असेल तर नेमके काय बदलावे, हा पहिला. आणि आता राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला आहे, तर हे बदल आपोआप होतील का, हा दुसरा. मी सोलापूर जिल्ह्यात सुमारे तीस वर्षे पंच म्हणून काम केले, त्यांतली काही वर्षे जिल्हा संघटनेच्या कार्यकारिणीत होतो आणि राज्य स्पर्धांना संघ घेऊन अनेकदा गेलो. दिल्लीच्या कार्यालयात मी कधी बसलो नाही. म्हणून हे उत्तर तालुक्याच्या मैदानावरून वर पाहणाऱ्या माणसाचे आहे, हे धरूनच वाचावे.

माझे म्हणणे असे आहे की महासंघात खेळाडू कुठेच सभासद नाही आणि बाकीचे बहुतेक दोष त्यातून निघतात. गावातले मंडळ जिल्हा संघटनेचे सभासद असते, जिल्हा संघटना राज्य संघटनेची आणि राज्य संघटना महासंघाची. रेल्वे, सेनादल यांसारखे विभाग स्वतंत्रपणे संलग्न असतात. या साखळीत मंडळाचा अध्यक्ष आहे, सचिव आहे, जिल्ह्याचा प्रतिनिधी आहे. पण जी मुलगी रोज पहाटे साडेपाचला मैदानावर येते तिचे नाव कुठल्याही सभासद यादीत नाही. तिचे नाव फक्त स्पर्धेच्या प्रवेश अर्जावर असते आणि स्पर्धा संपली की तो अर्ज कुणाच्या तरी कपाटात जातो. अलीकडे ठिकठिकाणी खेळाडूंना नोंदणी क्रमांक देण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते स्वागतार्ह आहेत. परंतु शुल्क घेऊन प्रवेश देण्यापुरतीच ती नोंद वापरली जात असेल, तर त्या क्रमांकाने खेळाडूच्या पदरात कोणताही हक्क पडत नाही.

हे असे का झाले, ते समजून घेतले तर कुणा एकावर राग धरण्याचे कारण उरत नाही. अखिल भारतीय कबड्डी महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची जागा आजच्या हौशी महासंघाने घेतली. त्या काळी प्रांतोप्रांती वेगवेगळ्या पद्धतीने खेळला जाणारा हा खेळ एका नियमाखाली आणणे, हेच मुख्य काम होते. शंकरराव साळवी, म्हणजे सर्वांचे बुवा, यांच्यासारख्या माणसांनी स्वतःच्या पायाने फिरून, पदरमोड करून मंडळे जोडली. त्यांना खेळाडू नावानिशी ठाऊक असत. नोंदवहीची गरजच नव्हती. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि काही वर्षांतच एका खेळाडूवर दोन कोटींहून अधिक बोली लागू लागली. खेळ इतका बदलला, तरी संघटनेची घडी मात्र माणसांच्या ओळखीवर चालणाऱ्या त्या जुन्या काळाचीच राहिली. ओळखीवर चालणाऱ्या व्यवस्थेत चांगला माणूस असेपर्यंत काम चांगले होते, आणि तो गेल्यावर त्याच ओळखीचा उपयोग दुसऱ्या कामांसाठी होऊ लागतो.

माझ्याशी बोलणारे बहुतेक तरुण म्हणतात की राजकारणी हटवा, म्हणजे सगळे ठीक होईल. मला हे पुरेसे वाटत नाही. आपल्या जिल्ह्यात मैदानाला जागा, मॅटला निधी आणि स्पर्धेला मांडव मिळवून देणाऱ्यांत अनेक लोकप्रतिनिधी होते आणि त्यांचे ते ऋण मी नाकारणार नाही. दुसरीकडे, वरची माणसे बदलून काय होते, याचा अनुभव आपण नुकताच घेतला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाच्या तत्कालीन पदाधिकाऱ्यांची निवड बेकायदा ठरवली आणि कारभार प्रशासकाकडे सोपवला; आधी एक निवृत्त सनदी अधिकारी आणि पुढे एक निवृत्त न्यायाधीश प्रशासक होते. तहहयात अध्यक्षपदासारखी सोय एखाद्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत असता कामा नये, हे त्या निकालाने स्पष्ट केले आणि ते आवश्यकच होते. परंतु प्रशासकाची ही तात्पुरती व्यवस्था फेब्रुवारी २०२५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेसहा वर्षे चालली. दरम्यान आंतरराष्ट्रीय महासंघाने भारताच्या संघटनेला निलंबित केले, कारण निवडून आलेल्या कार्यकारिणीच्या हाती कारभार नव्हता. शेवटी इराणमधील आशियाई स्पर्धेत आपल्या महिलांना उतरता यावे म्हणून डिसेंबर २०२३ मध्येच निवडून आलेल्या मंडळाकडे सूत्रे देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. त्या मुली गेल्या आणि अजिंक्यपद घेऊन आल्या. फुटबॉलमध्येही २०२२ च्या ऑगस्टमध्ये जवळपास असेच झाले होते; न्यायालयाने नेमलेली प्रशासक समिती बाजूला होईपर्यंत जागतिक संघटनेने भारताचे निलंबन उठवले नाही.

या सगळ्या काळात माझ्या तालुक्यातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने काय बदलले, असा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. त्याच्यासाठी ना निवड अधिक उघड झाली, ना दुखापतीचा खर्च कुणी उचलला, ना त्याचे वय एका ठिकाणी पक्के नोंदले गेले. दिल्लीत कारभार कुणाकडे आहे, यावरच सारे भांडण झाले. खालची रचना होती तशीच राहिली.

आता नव्या कायद्याविषयी. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला. राष्ट्रीय संस्थांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद सोडवण्यासाठी क्रीडा न्यायाधिकरण आणि निवडणुकांवर देखरेखीसाठी स्वतंत्र निवडणूक अधिकाऱ्यांची यादी, अशी त्यात व्यवस्था आहे. कार्यकारिणी जास्तीत जास्त १५ जणांची असावी, तीत उत्कृष्ट कामगिरी केलेले किमान २ खेळाडू आणि किमान ४ महिला असाव्यात, खेळाडूंची स्वतंत्र समिती असावी, तक्रार निवारणाची आणि सुरक्षित खेळाची व्यवस्था असावी, अशा तरतुदी आहेत. सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना त्या मदतीच्या वापराबाबत माहिती अधिकाराखाली उत्तर द्यावे लागेल. हे सारे चांगले आहे आणि मी त्याचे मनापासून स्वागत करतो. पण कायद्याची नजर मुख्यतः राष्ट्रीय संस्थेवर आहे. दोन नामवंत खेळाडू कार्यकारिणीत बसले, तरी त्यांना निवडून देणारे खेळाडू कोण, त्यांची यादी कुठे आहे आणि ती खरी आहे हे कोण सांगणार, या प्रश्नाचे उत्तर तालुक्यातूनच यावे लागेल. मतदारयादी नसताना घेतलेल्या निवडणुकीसारखे ते होईल.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी सूचना नोंदवहीची आहे, आणि तिच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा संघटित स्पर्धेत उतरते, बहुधा दहाव्या-अकराव्या वर्षी, त्याच दिवशी तिची कायम नोंद व्हावी. जन्मदाखला एकदाच तपासावा, तोही शक्य तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या मूळ नोंदीशी ताडून, आणि नंतर तो कुणालाही बदलता येऊ नये. हे मी आग्रहाने सांगतो, कारण वयाचा घोळ हा आपल्या खेळाला लागलेला जुना रोग आहे. किशोर गटाला सोळा वर्षे आणि ५५ किलो, कुमार गटाला वीस वर्षे आणि मुलांना ७० किलो, मुलींना ६५ किलो, अशा मर्यादा आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. शालेय स्पर्धांचे गट मात्र चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांचे आहेत आणि ते शालेय क्रीडा महासंघाच्या साखळीतून, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत चालतात. एकच मुलगा सप्टेंबरमध्ये शाळेकडून एका गटात खेळतो आणि डिसेंबरमध्ये मंडळाकडून दुसऱ्या गटात; दोन ठिकाणी दोन वेगवेगळी कागदपत्रे लागतात आणि ती दोन्ही कधी एकमेकांसमोर येत नाहीत. मी स्वतः वजनकाट्याजवळ उभा असताना एका मुलाच्या दोन आधार प्रती पाहिल्या आहेत, ज्यांवर जन्मवर्ष वेगळे होते. मुलगा रडत होता. कागद त्याने केलेले नव्हते. ते त्याच्या भल्यासाठी म्हणून कुणीतरी मोठ्या माणसाने केले होते. त्याला बाद करावे लागले आणि तो पुन्हा मैदानावर दिसला नाही. ज्या खऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची जागा असे वाढीव वयाचे खेळाडू घेतात, तोही निमूटपणे घरी बसतो, आणि त्याची तर नोंदसुद्धा होत नाही.

वजनाबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोरांना पाणी न पाजता, जाड स्वेटर घालून पळवणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात, जिथे पारा सहज चाळिशी ओलांडतो, हा सरळ जिवाशी खेळ आहे. नोंदवहीत दर तीन महिन्यांनी उंची आणि वजन लिहिले गेले, तर स्पर्धेच्या दिवशी अचानक सहा किलो उतरलेला मुलगा लगेच लक्षात येईल आणि त्याला खेळू न देण्याचा अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्याला राहील.

याच नोंदीत खेळाडू कोणत्या मंडळाकडून खेळतो आणि कधी बदलला हे लिहिले जावे. आज ना हरकत दाखला हे आपल्या संघटनांमधले सर्वांत निष्ठुर हत्यार झाले आहे. कुर्डुवाडीचा मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि तिथल्या मंडळाकडून खेळू इच्छितो, तर त्याला जुन्या मंडळाचा आणि जिल्ह्याचा दाखला लागतो. सचिव नाराज असतील तर तो महिनोन्महिने मिळत नाही, आणि तोवर त्याचा कुमार गटाचा शेवटचा हंगाम निघून गेलेला असतो. माझी सूचना अशी की बदलाचा अर्ज खेळाडूनेच करावा, जुन्या मंडळाला हरकत असेल तर त्या मंडळाने एकवीस दिवसांत लेखी कारण द्यावे आणि तसे कारण न आल्यास बदल मंजूर समजावा. हा नियम महासंघाने आपल्या घटनेत घातला, तर तो सर्व राज्यांना पाळावा लागेल आणि त्याला एक रुपयाही खर्च येणार नाही.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि सलग तीन हंगाम खेळलेल्या नोंदणीकृत खेळाडूला जिल्हा संघटनेत मत असावे, ही माझ्या सूचनांतली सर्वांत वादाची गोष्ट आहे, हे मला ठाऊक आहे. माझे काही जुने सहकारी म्हणतात की खेळाडू खेळतील की निवडणुका लढवतील. मला वाटते, जिल्ह्याच्या कार्यकारिणीत खेळाडूंनी निवडलेले दोन प्रतिनिधी असावेत, त्यांतली एक महिला असावी, आणि त्यांच्यासमोर दरवर्षी हिशेब वाचला जावा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. राष्ट्रीय कार्यकारिणीतले खेळाडू प्रतिनिधी याच पायऱ्या चढून वर जावेत, म्हणजे ते कुणाच्या मेहेरबानीने बसलेले नसतील.

नोंदवहीचा आणखी एक उपयोग सांगतो, जो बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. आपल्या जिल्हा संघटना संस्था नोंदणी कायदा, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० यांखाली नोंदलेल्या असतात. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. दोन गट पडले की दोन बदल अर्ज जातात, दोन्हींवर हरकती येतात आणि प्रकरण वर्षानुवर्षे पडून राहते. त्या काळात दोन जिल्हा संघ निवडले जातात, दोन्ही राज्य स्पर्धेच्या दारात उभे राहतात आणि कधी कधी त्यांतला एकही खेळत नाही. एकदा अशाच एका संघाबरोबर मी रात्रभर एका शाळेच्या व्हरांड्यात बसून होतो. सकाळी निर्णय आला तो आम्हाला परत पाठवण्याचा होता. त्या बारा मुलींचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता. महासंघाने एक साधा नियम करावा: पदाधिकाऱ्यांचा वाद कितीही चालू द्या, खेळाडूचा प्रवेश हा तिच्या स्वतःच्या नोंदणीवर ठरेल, आणि वाद असलेल्या जिल्ह्याची निवड राज्याने नेमलेली तटस्थ समिती करेल. संलग्नता संस्थेची रद्द होऊ शकते. खेळाडूची होऊ नये.

निवडीबाबत माझे मत ठाम आहे. निवड समितीत कोण आहे यापेक्षा समितीसमोर कोणते कागद आहेत, हे महत्त्वाचे. आपल्या प्रत्येक सामन्याची गुणपत्रिका लिहिली जाते. गुणलेखक प्रत्येक चढाई, बोनस, पकड आणि लोण टिपतो. मी अशा शेकडो गुणपत्रिकांवर सह्या केल्या आहेत. स्पर्धा संपल्यावर त्यांचे गठ्ठे बांधले जातात आणि पुढे त्यांना वाळवी लागते. या गुणपत्रिका मोबाइलवर भरल्या आणि खेळाडूच्या क्रमांकाला जोडल्या, तर निवड चाचणीच्या दिवशी समितीसमोर प्रत्येकाच्या हंगामभराच्या चढाया, यशस्वी पकडी आणि खेळलेले सामने असतील. समितीने आकड्यांनाच बांधून घ्यावे, असे मी म्हणत नाही. डावा कोपरा धरणाऱ्या खेळाडूचे मोल, त्याने साखळी कशी सांभाळली, हे पत्रिकेत दिसत नाही. पण जास्त गुण असलेल्या खेळाडूला वगळले, तर दोन ओळींत कारण लिहून त्यावर सही करावी आणि ते खेळाडूला वाचायला मिळावे. कारण लिहावे लागते, हे कळल्यावर माणूस आपोआप विचार करून निवड करतो. मी स्वतः निवड समितीत असताना असे कारण लिहिण्याची सक्ती असती, तर दोन-तीन नावे आम्ही वेगळी घेतली असती, असे मला आज वाटते.

खऱ्या नोंदीचा संबंध पोटापाण्याशीही आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. प्रमाणपत्राची पडताळणी करताना क्रीडा खाते संघटनेकडे मूळ निकाल, प्रवेश यादी आणि गुणपत्रिका मागते. विणकराच्या, विडी कामगाराच्या घरातून आलेल्या मुलीची सारी मेहनत संघटनेने एक कागद जपला नाही म्हणून वाया जाऊ शकते. आणि जिथे मूळ नोंदच नाही, तिथे न खेळलेल्याच्या नावाचे प्रमाणपत्र निघायलाही वाट राहते.

पंच आणि नियम यांच्याकडे वळतो, कारण इथे महासंघाची थेट जबाबदारी आहे. हांगझोऊ आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना, ७ ऑक्टोबर २०२३, ज्यांनी पाहिला त्यांना तो विसरता येणार नाही. गुणफलक २८-२८, वेळ जेमतेम उरलेला, पवन सहरावतची चढाई, मैदानाच्या कडेच्या राखीव क्षेत्रात त्याचा पाय आणि त्याच्या मागे आत शिरलेले इराणचे बचावपटू. जुन्या नियमाप्रमाणे एक निकाल, नव्याप्रमाणे दुसरा, आणि कोणता लागू आहे यावर पंचांचे एकमत होईना. सामना सुमारे तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला, सुवर्णपदक आले, सगळ्यांनी जल्लोष केला. मीही केला. पण पंच म्हणून मला त्या तासाची लाज वाटली. ज्या खेळाचे माहेर आपला देश आहे, त्याच्या सर्वोच्च सामन्यात लागू असलेली नियमपुस्तिका कोणती, हा प्रश्नच उद्भवता कामा नये.

खालच्या पातळीवर तर ही स्थिती रोजची आहे. लीगमध्ये टीव्हीवर एक नियम दिसतो, महासंघाच्या स्पर्धेत दुसरा, आणि गावच्या जत्रेतल्या स्पर्धेत आयोजकाने सांगितलेला तिसरा. महासंघाने दरवर्षी एका ठरलेल्या तारखेला नियमपुस्तिकेची एकच अधिकृत आवृत्ती काढावी, तिच्यावर वर्ष छापावे, ती मराठीसह सर्व प्रमुख भाषांत द्यावी आणि हंगाम सुरू झाल्यावर कोणताही बदल करू नये. पंचांची परीक्षा एकदा उत्तीर्ण झाली की आयुष्यभर पुरते, हेही थांबले पाहिजे. दर तीन वर्षांनी फेरपरीक्षा, डोळ्यांची तपासणी आणि धावण्याची साधी चाचणी व्हावी. त्याबरोबरच पंचांचे मानधन आणि प्रवासखर्च सामना संपण्यापूर्वी हातात पडेल, अशी व्यवस्था असावी. ज्या पंचाला घरी जायच्या एसटीचे भाडेही आयोजकाच्या मर्जीवर मिळते, त्याच्याकडून यजमान संघाविरुद्ध कठोर निर्णयाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

मुलींच्या सुरक्षिततेबद्दल मला फार लांबण लावायची नाही, पण अर्धवटही सोडायचे नाही. २०२३ मध्ये देशाच्या कुस्तीपटूंना जंतरमंतरवर बसावे लागले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या पालकांनी मला विचारले होते की, सर, आमच्या पोरीने तक्रार कुणाकडे करायची. माझ्याकडे उत्तर नव्हते. महिला संघाबरोबर महिला व्यवस्थापक असलीच पाहिजे, हा नियम कागदावर आहे; प्रत्यक्षात कितीदा कुणाची तरी बहीण किंवा वहिनी नावापुरती व्यवस्थापक दाखवली जाते. महासंघाने प्रत्येक जिल्ह्यात संघटनेबाहेरची एक महिला, वकील असेल किंवा समुपदेशक, तक्रार घेण्यासाठी नेमावी, तिचा दूरध्वनी क्रमांक खेळाडूच्या ओळखपत्राच्या मागे छापावा आणि तक्रार थेट राज्याकडे व राष्ट्रीय समितीकडे जाईल, जिल्ह्याच्या सचिवाकडे नाही, हे ठरवून द्यावे. मुलींचे सामने रात्री नऊच्या आत संपावेत. मैदानाजवळ कपडे बदलायला बंद खोली आणि स्वच्छतागृह नसेल, तर स्पर्धेला परवानगीच देऊ नये. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे किरकोळ वाटेल. आमच्याकडे चांगल्या चढाईपटू मुली दहावीनंतर खेळ सोडतात, त्याला हेही एक मोठे कारण आहे.

दुखापतीचे तसेच. गुडघ्याचा लिगामेंट तुटला की शस्त्रक्रिया, नंतर सहा-आठ महिने व्यायामोपचार. जिल्हा निवड चाचणीत माझ्यासमोर एका मुलीचा गुडघा गेला. तिच्या आईने दागिना गहाण टाकला आणि संघटनेने तिला शाल-श्रीफळ दिले. त्या सत्काराला मी व्यासपीठावर होतो आणि ते आठवले की आजही मला वाईट वाटते. नोंदणी शुल्कातूनच सामूहिक अपघात विम्याचा हप्ता भरता येतो, कारण हजारो खेळाडू एकत्र आले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम अगदी थोडी असते. नोंदवहीशिवाय विमा कंपनी कुणाचा विमा उतरवणार?

पैशांचा हिशेब एका वाक्यात सांगण्यासारखा आहे: महासंघाला लीगच्या हक्कांतून, सरकारकडून आणि संलग्नता शुल्कातून किती मिळाले आणि त्यातले किती राज्याला, किती जिल्ह्याला उतरले, हे दरवर्षी लेखापरीक्षकाच्या सहीनिशी सर्वांसाठी खुले करावे. त्यातला ठरावीक हिस्सा मॅटसाठी राखावा. आमची मुले मातीवर खेळून वाढतात आणि थेट राज्य स्पर्धेला पहिल्यांदा मॅटवर उतरतात. बूट घालून वळताना पाय अडकतो, पकड सुटते आणि निवड समिती म्हणते, ग्रामीण मुलांना वेग नाही. कुमठा नाक्याच्या जिल्हा क्रीडा संकुलापर्यंत करमाळा किंवा अक्कलकोटचे पोर रोज येऊ शकत नाही. दर दोन-तीन तालुक्यांत मिळून एक फिरता मॅट दिला, तरी चित्र बदलेल.

वेळापत्रकाची गोष्ट मात्र निव्वळ शिस्तीची आहे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि आमच्याकडे स्पर्धेची तारीख आठ दिवस आधी कळते, मग कर्नाटक एक्सप्रेसच्या साध्या डब्यात दाराशी बसून गेलेला खेळाडू दिल्लीत उतरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा सामना असतो. जूनमध्ये वर्षाचे वेळापत्रक जाहीर व्हावे आणि बोर्डाच्या परीक्षांचा काळ त्यातून पूर्ण वगळावा.

तुम्ही विचाराल की हे महासंघ करेपर्यंत तुम्ही काय करावे. दिल्लीची वाट पाहू नका. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची एक वही आजच सुरू करा: नाव, मूळ जन्मनोंदीचा क्रमांक, पालकांची सही, शाळेचा पटक्रमांक, दर तीन महिन्यांची उंची-वजन, झालेल्या दुखापती आणि खेळलेला प्रत्येक सामना. तालुक्यातल्या इतर चार-पाच मंडळांना तीच पद्धत घ्यायला सांगा आणि गुणपत्रिकांचे फोटो सामना संपताच काढून ठेवा. आयोजकाला नाही म्हणायचे कारण नसते. पुढच्या जिल्हा निवड चाचणीला ती वही घेऊन या. समितीने विचारले नाही, तरी टेबलावर ठेवा. मीही माझ्या जुन्या सह्यांच्या ज्या गुणपत्रिका घरी सापडतील, त्या सांगोल्याच्या खेळाडूंपुरत्या वेगळ्या काढून ठेवतो; पंढरपूरला येणे झाले की त्या तुमच्याकडे देईन, म्हणजे तुमच्या मोठ्या मुलांची मागची काही वर्षेही वहीत भरता येतील.